माळ खुंटीला अडकवून प्यायला जाणाऱ्या वडिलांविषयी

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. 'प्यायला जाताना अण्णा गळ्यातली माळ काढून देवघराच्या खुंटीला अडकवतात, आणि परत आल्यावर तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.' तुम्ही हे त्यांच्या ढोंगाचा पुरावा म्हणून लिहिलंय. व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मला २३ वर्षं झाली. मला त्याच वाक्यात वेगळं काहीतरी दिसतं, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

आधी तुमची हकीकत मला कशी समजली ते सांगतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर तुमच्या लक्षात येईल. वडील एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत. वीसेक वर्षं प्यायले. सहा वर्षांपूर्वी कार्तिकीला पंढरपुरात माळ घातली आणि दारू सुटली. सप्ताहात वीणा घेऊन उभे राहू लागले. गावातलं दुकान बंद करण्यासाठी मतदान झालं, तेव्हा बायाबापड्यांबरोबर दारोदार फिरले आणि बाटली आडवी करूनच थांबले. दोन तरुण पोरांची दारू त्यांच्या शब्दावर सुटली. यंदा धाकट्या भावाचा तेरावा झाला आणि त्या रात्री ते पुन्हा प्यायले. आता तीन आठवडे रोज चालू आहे. गावात मिळत नाही, म्हणून हायवेवरच्या हॉटेलात जातात. तुम्ही शिक्षिका आहात आणि नोकरीमुळे मुलाला घेऊन माहेरी राहता. परवा रात्री तुम्ही मुलासमोरच त्यांना म्हणालात, 'तुमच्यापेक्षा तो हातभट्टीवाला बरा, तो निदान देवाचं नाव घेत नाही.' आणि आता विचारताय, जो दुसऱ्याला शिकवायचा आणि स्वतःच पडला, त्याच्याविषयी करुणा आणायची कुठून? तुम्हाला त्यांची दया येत नाही, किळस येते.

किळस येते हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पुष्कळ घरांत हे बोललं जात नाही, आणि मग ते भांड्यांच्या आवाजातून बाहेर पडतं.

आता ती खुंटी. एका गावात मी असा गृहस्थ पाहिलाय, जो दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचा आणि हातभट्टीवाल्याकडून दर महिन्याला पाकीट घ्यायचा. त्याच्या गळ्यातली माळ कधी निघाली नाही. निघायचं कारणच नव्हतं, ती त्याला टोचतच नव्हती. ढोंगी माणसाला माळ काढावी लागत नाही. अण्णांना काढावी लागते. माळ गळ्यात ठेवून ग्लास तोंडाला लावणं त्यांना अजून जमलेलं नाही, आणि कधीच जमू नये. ज्या मूल्यावरून ते घसरलेत, ते मूल्य त्यांच्या आत शाबूत आहे. मेलं असतं तर हाताला खुंटीपर्यंत जायची गरज पडली नसती. परत आल्यावर ते माळेकडे बघत नाहीत, कारण बघवत नाही.

बोलणं आणि वागणं जुळत नाही, एवढ्यावरून माणूस ढोंगी ठरत नाही. तसं ठरवलं तर तुम्ही आणि मी, दोघंही सुटणार नाही. मी बघतो ते वेगळं. नियम दुसऱ्याला लावताना आणि स्वतःला लावताना हा माणूस दोन मापं वापरतो का? पकडला गेल्यावर त्याला दुःख पडल्याचं होतं की दिसल्याचं? आणि त्या नियमातून त्याला काही मिळत होतं का, पैसा, मान, मतं? अण्णांना मान मिळत होता, हे खरंच. विणेकऱ्याला गाव वाकून नमस्कार करतं. पण तुम्हीच लिहिलंय की तेराव्यानंतर त्यांनी भजनाला जाणं बंद केलं, आणि ज्या दोन पोरांची दारू सोडवली त्यांना टाळायला ते मागच्या गल्लीने जातात. ढोंगी माणूस अशा वेळी जास्त जोरात टाळ वाजवतो.

ते पडले कसे, ते मला जरा तपशिलाने मांडू द्या. करुणा मनावर ओझं ठेवून आणता येत नाही. समोरच्याचं नेमकं काय झालं ते कळलं की ती आपोआप थोडी थोडी मनात उतरते, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे पेशंटला चार गोष्टी पाठ करायला लावतात: भूक, राग, एकटेपण, थकवा. यातली एक जरी अंगावर आली तरी सावध व्हायचं. तेरा दिवसांच्या सुतकात अण्णांवर चारही एकदम आल्या. दवाखान्यातली जागरणं, मग स्मशान, मग घरात माणसांची रीघ. मोठा भाऊ म्हणून ते रडले नसणार, लोकांना सावरत बसले असणार. तेराव्याला गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि रात्री गोठ्यामागे जुन्या जोडीदारांनी बाटली उघडली. त्यातला कुणीतरी म्हणाला असेल, 'आज तरी घे, भावाच्या नावानं घे.' सहा वर्षांत अण्णांनी हजार वेळा नाही म्हटलं असेल. त्या हजार वेळा तुम्ही तिथे नव्हता, कुणीच नव्हतं. माणसाचा नकार कुणाला दिसत नाही, होकार तेवढा गावभर होतो.

त्यात मेंदूचा भाग वेगळा. वीस वर्षं रोज प्यायलेल्या मेंदूत दुःख आणि दारू यांची जोडी पक्की बसलेली असते. सहा वर्षं न पिता काढली म्हणून ती पुसली जात नाही, तिच्यावर फक्त माती चढते. म्हणून हा आजार बरा झाला असं आम्ही म्हणत नाही, आटोक्यात आहे असं म्हणतो. मधुमेह असलेला माणूस लग्नात चार जिलब्या खाऊन आला तर त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. साखर तपासतात आणि औषध बघतात. मात्र ही तुलना मी पूर्ण ताणणार नाही. जिलबी खाऊन कुणी घरच्यांना शिव्या देत नाही. दारूने घरातल्या माणसांना इजा होते आणि त्या इजेचा हिशेब वेगळा मांडावाच लागतो. त्याविषयी पुढे लिहितो.

पहिल्या रात्रीपेक्षा मला दुसऱ्या दिवसाची जास्त चिंता वाटते, कारण खरं नुकसान तिथे होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत दारू सोडून पुन्हा प्यायलेल्या माणसांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक ठरलेला क्रम सापडला. ज्याने 'एक थेंबही नाही' असं ठरवलेलं असतं, तो एकदा प्यायला की त्याचा अर्थ असा लावतो: मी मुळातच कमकुवत आहे, आता सगळं संपलं. आणि सगळं संपलंच आहे तर दुसरा ग्लास का नको? पहिल्या ग्लासाला भावाचं जाणं कारण होतं. दुसऱ्याला, तिसऱ्याला, तीन आठवड्यांना कारण आहे ते पहिल्या ग्लासाची लाज. आपल्याकडे हे लोक एका वाक्यात बोलतात: 'माळ बाटली, आता काय राहिलं?' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की नुसत्या सुरावरून ओळखतो. शपथ जितकी मोठी, तितकी पडल्यावरची लाज मोठी. माळ, मुलाच्या डोक्यावर हात, गावासमोरचा शब्द, या तिन्हींचं ओझं अण्णांवर एकदम कोसळलंय.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच दारू सोडलेल्या माणसांना त्यांनी विचारलं, शेवटचं प्यायलात आणि त्याचं वाईट वाटलं तो प्रसंग सांगा. सांगतानाचं चित्रीकरण केलं आणि शब्द बाजूला ठेवून शरीर पाहिलं: खांदे पडलेत का, छाती आत गेलीय का. ज्यांच्या देहात लाज जास्त दिसली, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता जास्त होती, आणि प्यायले तेव्हा जास्त प्यायले. आपण समजतो, लाजेने माणूस सुधारतो. म्हणून आपण त्याला आणखी लाजवतो. पण लाज दोन प्रकारची असते. 'मी वाईट केलं' ही पहिली. तिच्यात काहीतरी करायला जागा उरते, माफी मागता येते, भरून देता येतं. 'मीच वाईट आहे' ही दुसरी. तिच्यात लपण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, आणि दारुड्याला लपायची एकच जागा ठाऊक असते. आज संध्याकाळी अण्णा दारातून आत येताना त्यांचे खांदे बघा.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आमचं सगळं काम एका परीने तिच्यातून निघालंय. अमेरिकेतल्या अक्रन शहरात डॉ. बॉब स्मिथ नावाचे एक सर्जन होते. अट्टल पिणारे. मे १९३५ मध्ये त्यांची बिल विल्सनशी गाठ पडली. विल्सनही पिणाराच, पण काही महिने दारूपासून लांब राहिलेला. दोघांचं जमलं, डॉक्टरांची दारू थांबली, विल्सन त्यांच्याच घरी राहायला आला. मग डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले, शुद्ध हरपेपर्यंत. परत आल्यावर त्यांच्या पत्नीने आणि विल्सनने त्यांना अंथरुणावर घातलं आणि सांभाळलं. तीन दिवसांनी एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून विल्सननेच त्यांना एक बिअर दिली. तो त्यांचा शेवटचा घोट. १० जून १९३५ हा तो दिवस, आणि या दोघांनी उभी केलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना आजही हाच दिवस आपला स्थापना दिन मानते. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत आज तिच्या सभा भरतात. या संघटनेने आपला वाढदिवस धरला तो संस्थापकाच्या घसरणीनंतर लगेच उगवलेल्या दिवसाचा. परिषदेहून परत आल्यावर त्या घरात कुणी त्यांना 'तू ढोंगी आहेस' म्हणून दाराबाहेर ठेवलं असतं तर पुढे काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात दर १० जूनला येतो.

आता माझी एक चूक. हे काम सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. एक पेशंट होता, वर्षभर दारूला न शिवलेला, आमच्या सभांमध्ये फार सुंदर बोलायचा. नवीन आलेल्यांना मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसवायचो. एकदा तो फॉलोअपला आला, आणि तोंडाला वास. मला वाटलं, याने माझी फसवणूक केली. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, 'इथे खुर्चीत बसून दुसऱ्यांना ज्ञान देत होतास ना? आता यांना सांग, काल काय केलंस.' तो उठला, चपला घातल्या आणि गेला. परत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, बायकोने दार उघडलं नाही. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं, ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी तो प्यायला होता तरीही फॉलोअपला आला होता. दारूच्या वासासकट आमच्या दारात यायला त्याला किती बळ गोळा करावं लागलं असेल, हे मला तेव्हा दिसलंच नाही. मला माझा झालेला अपमान तेवढा दिसला. करुणेच्या गोष्टी सांगणारा मी, स्वतःच्या मूल्यापासून सर्वांत लांब घसरलो तो त्या दिवशी. तेव्हापासून कुणी पिऊन आला तर माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: 'बरं झालं आलास. चहा घेणार?'

म्हणून तुमच्या घरी काय करायचं ते आता सांगतो.

सगळ्यात आधी डॉक्टर. तीन आठवडे रोज पिणाऱ्या साठीच्या माणसाला एकदम 'आजपासून बंद' करायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, वेळकाळ कळेनासा होतो, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. आमची मंडळी याला 'टर्की' म्हणतात. ज्याने पूर्वी दोन-तीनदा टर्की काढलीय, त्याला पुढची बहुधा जड जाते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवा. लगेच जाणं होत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि कुणी म्हणालं की जेवणातून गुपचूप द्यायचं औषध मिळतं, तर त्या वाटेला जाऊ नका. डायसल्फिराम नावाची गोळी खरोखरच आहे, आम्हीही वापरतो, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. न सांगता दिली आणि अण्णा हायवेवर प्यायला बसले तर तिथेच कोसळतील. शिवाय कधीतरी हे त्यांना कळतंच, आणि मग ते तुमच्या हातचं जेवणही सोडतात. मी अशी दोन घरं पाहिली आहेत.

बोलायचं सकाळी, ते शुद्धीत असताना. रात्री पिऊन आलेल्या माणसाशी मूल्यांवर चर्चा करायची नसते. त्याला पाणी द्यायचं, कुशीवर झोपवायचं आणि आपण आपल्या खोलीत जायचं. सकाळी चहाच्या वेळी, आई असेल तर आईच्या देखत, थोडं बोला. समोर मुलगी असते तेव्हा शब्द सुचत नाहीत, म्हणून मी काही सुचवतो, ते तुमच्या भाषेत करून घ्या. 'अण्णा, काका गेल्यापासून तुम्ही नीट रडलाही नाहीत.' एवढं म्हणून थांबा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल. नंतर म्हणा, 'सहा वर्षं तुम्ही काढलीत, ती पुसली जात नाहीत. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी सुट्टी टाकते.' 'का प्यायलात?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर नसतं त्याने माणूस कोपऱ्यात ढकलला जातो. 'लोक काय म्हणतील' हेही नको. ते त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वेळा स्वतःला विचारलंय.

माळेविषयी मुद्दाम लिहितो, कारण पुष्कळ घरं इथेच घाई करतात. त्यांना 'आत्ताच्या आत्ता माळ घाला आणि देवासमोर शपथ घ्या' असं म्हणू नका. शपथ ही त्यांची ताकद होती, ती आज उसवलेली आहे. उसवलेल्या जागेवर पुन्हा ताण दिला तर कापडच फाटतं. माळ खुंटीलाच राहू द्या. ती लपवू नका, धुऊन पुसून त्यांच्या उशाशीही ठेवू नका. भजनी मंडळात ज्यांच्याशी त्यांचं खरं जमतं असा एक म्हातारा माणूस शोधा, प्रवचन न देणारा, आणि त्यांना नुसतं घरी बसायला बोलवा. वारकऱ्यांमध्ये पडलेल्याला सांभाळून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माळ उतरवलेल्या माणसाने दोन-तीन वर्षांनी पुन्हा माळ घातल्याचंही पाहिलंय. आमच्याकडच्या एका पेशंटला त्याच्या दिंडीतले लोक त्या वर्षी वीणा न देता पाण्याच्या टँकरवर घेऊन गेले. आळंदी ते पंढरपूर तो लोकांचे तांबे भरत राहिला. त्याला उंच आसनावरून उतरवलं, पण दिंडीतून काढलं नाही.

ज्या दोन पोरांची दारू अण्णांनी सोडवली, त्यांची तुम्हाला काळजी वाटते, ते तुमच्या पत्रात दिसतं. तीही पुन्हा पितील का? त्यांना खोटं सांगितलं तर धोका जास्त. अण्णांची तब्येत सावरल्यावर, जमलं तर त्यांनी स्वतः त्या पोरांना सांगावं की मी घसरलो. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे १९१८च्या आजारपणात ते मरणाच्या दारापर्यंत पोचले, आणि कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. व्रत घेताना मनात गाई-म्हशीच होत्या, असा त्यात शाब्दिक आधार होता. पण आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहिलं की मी शब्द पाळला, व्रताचा आत्मा मात्र गमावला, आणि हे मला टोचत राहतं. असं लिहिल्याने त्यांचा शब्द हलका झाला नाही. त्या पोरांच्या मनात आज अण्णा न पडणारा माणूस आहेत, आणि अशा मूर्तीचा आधार संकटात पुरत नाही. पडून पुन्हा उठायच्या खटपटीत असलेला माणूस त्यांना जास्त उपयोगी पडेल. पण हे सगळं नंतरचं. आत्ता अण्णांवर हे ओझं टाकू नका.

आता इजेचा हिशेब. करुणेचा अर्थ पांघरूण घालणं नव्हे, आणि आपल्याकडच्या बायकांना पांघरूण घालायची इतकी सवय लावलेली असते की मला हे ठासून सांगावं लागतं. हायवेवरच्या हॉटेलची उधारी तुम्ही फेडायची नाही. पेन्शनचे पैसे आईच्या हातात येतील अशी व्यवस्था शुद्धीत असताना, त्यांच्याशी बोलून करा. 'अण्णांना ताप आहे' असं सप्ताहवाल्यांना खोटं सांगायचं नाही. 'त्यांची तब्येत बरी नाही, ते येऊ शकणार नाहीत' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. नातवाला शाळेत सोडायला त्यांच्या गाडीवर पाठवायचं नाही, सकाळीसुद्धा नाही. रात्रीची दारू सकाळी पूर्ण उतरलेली असतेच असं नाही. गाडीची किल्ली तुमच्याकडे राहू द्या. किल्ली मागून घेताना आवाज चढवायची गरज नाही, आणि माफी मागायचीही नाही. 'अण्णा, सध्या किल्ली माझ्याकडे राहील,' इतकंच. ज्याने तीस वर्षं एसटी चालवली त्याला हे फार लागेल. लागू द्या. हात उगारला, सामान फेकलं, आईला मारलं, तर त्या क्षणी करुणेचा विचार बाजूला ठेवा. आधी घराबाहेर पडा, ११२ला फोन करा. सुरक्षित झाल्यावर बाकीचं बघता येतं. उरलेल्या दिवसांत कीव आणि करुणा यांतला फरक तुम्हाला अंगाने कळत जाईल. कीव करणारा माणूस वरून खाली बघतो, आणि पडलेल्या माणसाला ती नजर शिवीपेक्षा जास्त झोंबते.

आणि तुम्ही. पत्राच्या शेवटी, बहुतेक नंतर आठवून, तुम्ही एक ओळ लिहिलीय: 'मी वर्गात मुलांना सांगते की चुकलेल्याला कधी सगळ्यांसमोर बोलायचं नाही. आणि मी स्वतःच्या बापाला माझ्या मुलासमोर असं बोलले.' ती ओळ तुम्ही वर का लिहिली नाहीत, ते मला समजतं. ताई, तुमचीही माळ तीन आठवडे खुंटीला आहे. भाऊ गेल्याचं दुःख अण्णांना झालं, तसं काका गेल्याचं तुम्हाला झालं. घर, शाळा, मूल, आई, वास, उलट्या, सगळं तुमच्या एकटीवर आलं, आणि एका रात्री तोंडातून ते निघालं. भूक, राग, एकटेपण, थकवा, चारही तुमच्याकडेही होत्याच की. तुम्ही ढोंगी शिक्षिका आहात असं मला वाटत नाही. तशा असतात तर ती ओळ तुम्ही लिहिलीच नसती. अण्णांना जे देणं तुम्हाला आज जड जातंय, ते आधी थोडं स्वतःला देऊन बघा. हातात मुळातच नसेल तर दुसऱ्याला वाढणार कुठून?

अण्णांची माफी मागायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगतो. मागा, त्या एका वाक्यापुरती. 'हातभट्टीवाल्याचं बोलले ते चुकलं माझं, ते मला म्हणायचं नव्हतं.' त्याला 'पण तुम्हीसुद्धा' जोडू नका. राग आला होता, त्याची माफी मागायची नाही, राग खरा होता. घरात कुणीतरी आपली चूक चूक म्हणून सांगून पुन्हा चहा प्यायला बसलं, हे अण्णांना बघायला मिळायला हवं. माणसाला असं करता येतं, हे तीन आठवड्यांत ते विसरले असतील. ही माफी मुलाच्या देखत मागा, कारण ते वाक्यही त्याच्या देखतच गेलं होतं.

तो नऊ वर्षांचा आहे आणि विचारतो, आजोबांनी माळ का काढली. त्याला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल एवढं. आजोबांना दारूचा जुना आजार आहे, तो परत उलटलाय. माळ घालून दारू प्यायची नसते, हे आजोबांना माहीत आहे, म्हणून त्यांनी ती काढून ठेवली. ती पुन्हा कधी घालतील ते आत्ता कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांकडे जाणार आहोत. त्यांच्या गाडीवर सध्या बसायचं नाही. संध्याकाळी ते शुद्धीत असले आणि हरिपाठ म्हणत असले, तर त्याने शेजारी जाऊन बसलं तरी चालेल.